थेरपिस्टच्या मनातलं ‘मला हे जमत नाही’: त्या शंकेचं काय करायचं?

सेशन संपतं. समोरची व्यक्ती ‘बरं वाटलं बोलून’ म्हणत उठते, पुढच्या आठवड्याची वेळ ठरवते आणि दार लावून निघून जाते. इकडे डोक्यात सुरू होतं: आपण नेमकं केलं काय? नुसतं ऐकलंच की. आणि याचे पैसे घेतले. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर एव्हाना हिची झोप सुधारली असती. एक ना एक दिवस सगळ्यांच्या लक्षात येणार की मला यातलं काही येत नाही.

सुपरव्हिजनला, म्हणजे आपल्या केसेसवर अनुभवी व्यक्तीचं मार्गदर्शन घ्यायला, येणाऱ्या नव्या समुपदेशकांकडून ही वाक्यं मी ऐकतेच. पंधरा-वीस वर्षं काम केलेली माणसंही तीच बोलतात, फक्त जरा उशिरा आणि आवाज खाली आणून. याला ‘इम्पोस्टर सिंड्रोम’ म्हणतात हे बहुतेकांना माहीत असतं. त्याचं करायचं काय, हे मात्र कुणी शिकवत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. शंका पार घालवायची, असं ध्येय ठेवू नका. ‘मी कशी आहे’ या प्रश्नावर अडकून बसलेली शंका ‘माझं काम कसं चाललंय’ या प्रश्नाकडे वळवायची. मग त्याचं उत्तर आपल्या मनःस्थितीला न विचारता पुराव्याला विचारायचं. ते कसं, हे पुढे पायरीपायरीने मांडते.

आपल्याच व्यवसायात हे इतकं का छळतं

१९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी या अनुभवावर पहिला लेख लिहिला. दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांशी झालेल्या कामातून त्यांना दिसलं, की पदव्या, मानसन्मान, वरिष्ठांची शाबासकी हे सगळं असूनही या स्त्रियांना मनातून वाटत होतं की आपण लोकांना फसवतोय. पुढे हा अनुभव पुरुषांमध्येही दिसला. त्या दोघींनी याला आजार म्हटलं नव्हतं आणि डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेतही असं निदान नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या लोकांना स्वतःवर निदानाची चिठ्ठी चिकटवायची फार सवय असते.

आता आपल्या कामाकडे पाहा. सुताराने केलेली खुर्ची डुगडुगते की नाही, ते बसल्यावर लगेच कळतं. आपलं काम बंद दाराआड होतं. दुसरा थेरपिस्ट प्रत्यक्ष काम करताना बहुतेकांनी शिकताना पाहिलेला असतो तेवढाच. माणूस बरा झाला तर ते श्रेय औषधाचं, काळाचं, बदललेल्या नोकरीचं की आपलं, हे सांगता येत नाही. तो यायचा थांबला तर का थांबला, तेही कळत नाही. वर गोपनीयतेमुळे घरी जेवताना ‘आज काय झालं माहितीये’ म्हणून मन मोकळं करायचीही सोय नाही. अशा जागी शंका वाढायला फारसं काही करावं लागत नाही.

त्यात आपल्याकडची अपेक्षा वेगळीच. पहिल्याच भेटीत माणूस विचारतो, ‘मग मी काय करू ते सांगा.’ डॉक्टर गोळी देतात, गुरुजी उपाय सांगतात, घरातले मोठे निर्णय देतात. आपण म्हणतो, ‘तुम्हाला काय वाटतं?’ त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते पाहून नव्या समुपदेशकाचं काळीज खाली जातं.

पायरी १: शंका खरी तर नाही ना, हे आधी तपासा

या विषयावर लिहिणारे बहुतेक जण इथे लगेच धीर देतात. ‘तुम्ही सक्षम आहात, विश्वास ठेवा.’ मी तसं म्हणणार नाही, कारण कधी कधी शंका बरोबर असते.

आपल्याकडे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला आरसीआयची, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते. त्यासाठी १९९२ चा कायदा आहे. ‘समुपदेशक’ किंवा ‘थेरपिस्ट’ अशी पाटी लावायला मात्र वर्षानुवर्षं तसा अडसर नव्हता. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत समुपदेशकांचे काही प्रकार आले, ही चांगली गोष्ट आहे. पण आज प्रत्यक्ष काम करणाऱ्यांमध्ये दोन वर्षं वॉर्डात राबून आलेले आहेत, एम. ए. संपवून थेट केबिन उघडलेले आहेत आणि चार शनिवार-रविवारचा कोर्स करून आलेलेही आहेत. यातल्या शेवटच्या गटातल्या कुणासमोर स्किझोफ्रेनियाचा रुग्ण बसला आणि पोटात गोळा आला, तर तो गोळा इम्पोस्टर सिंड्रोमचा नाही. ती सद्सद्विवेकबुद्धी आहे. तिचं ऐकायचं.

म्हणून वहीचं एक पान घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात जे काम तुम्ही शिकला आहात आणि एकट्याने करू शकता ते लिहा. दुसऱ्यात सुपरव्हिजनखाली करता येईल ते. तिसऱ्यात जे तुम्ही घेऊ नये ते. ‘डिप्रेशन’ असा मोघम शब्द नको. ‘सौम्य ते मध्यम डिप्रेशन, प्रौढ व्यक्ती, आत्महत्येचा विचार नाही’ इतकं नेमकं लिहा. विवाह समुपदेशन, लहान मुलं, लैंगिक अत्याचाराचा आघात, ओसीडी (नको असलेले विचार आणि त्यापायी पुन्हापुन्हा होणाऱ्या कृती), व्यसन, खाण्याचे विकार यांपैकी प्रत्येकाला कोणता रकाना, ते ठरवा.

ओसीडी बऱ्याच जणांच्या चुकीच्या रकान्यात असतो. दिवसातून चाळीस वेळा हात धुणाऱ्या माणसाला ‘काही होणार नाही, नका काळजी करू’ असा दिलासा दर आठवड्याला देत राहिलं, तर त्या आजाराला खतपाणीच मिळतं. तिथे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन (भीतीला हळूहळू सामोरं जायचं, पण ती ठरावीक कृती करायची नाही) ही पद्धत रीतसर शिकलेला माणूस हवा, आणि बरेचदा जोडीला औषधही. दारूचंही तसंच. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, डिलिरियम (भान हरपून भ्रम होणं) होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. अशा माणसाला आधी डॉक्टर, मग आपण.

कायद्याचंही एक पान करा, कारण ‘आपल्याला काही येत नाही’ या भावनेतला मोठा वाटा इथल्या अज्ञानाचा असतो, आणि ते एका दुपारी भरून काढता येतं. मेंटल हेल्थकेअर कायदा २०१७ चं कलम २३ गोपनीयतेबद्दल आहे. कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे कसं पाहायचं ते सांगतं. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ते समुपदेशकालाही लागू आहे. हे माहीत असलं की पहिल्याच भेटीत ‘काय गुप्त राहील आणि काय राहू शकणार नाही’ हे तुम्ही स्पष्ट आवाजात सांगू शकता.

तिसऱ्या रकान्यातला माणूस आला तर काय म्हणायचं, ते आधीच तयार ठेवा. मी सुचवते ते असं: ‘तुमचा त्रास माझ्या नीट लक्षात आलाय. यावर ज्या उपचाराचा सगळ्यात चांगला उपयोग होतो, तो मी शिकलेली नाही. जे शिकलेले आहेत त्यांच्याकडे मी तुम्हाला पाठवते. तिथली पहिली भेट होईपर्यंत मी तुमच्या संपर्कात आहे.’ हे बोलायला धीर लागतो. पण बोलून पाहिलेल्या जवळजवळ सगळ्यांचा अनुभव असा, की समोरच्याचा विश्वास यानंतर वाढतो.

हे तीन रकाने भरले आणि समोरचा क्लायंट पहिल्या किंवा दुसऱ्या रकान्यात बसत असला, तरीही मन ‘मी लबाड आहे’ म्हणत राहिलं, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

पायरी २: शंका बारीक करा

‘मी वाईट थेरपिस्ट आहे’ या वाक्याचं काही करता येत नाही. ते खरं ठरवता येत नाही, खोटंही ठरवता येत नाही. ते नुसतं छातीवर बसून राहतं.

सेशननंतर दहा मिनिटं मोकळी ठेवा. पुढचा क्लायंट लगेच बोलावू नका. त्या दहा मिनिटांत नोट्स लिहून झाल्या, की खाली एक ओळ लिहा: आज नेमक्या कोणत्या क्षणी ‘जमत नाही’ असं वाटलं? क्षण शोधायचा आहे, एकूण मत नाही.

सुपरव्हिजनमधलं एक संभाषण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. ती म्हणाली, ‘मॅडम, या केसमध्ये मी पूर्ण फेल आहे.’ मी विचारलं, कधी वाटलं असं? ‘सगळंच.’ नाही, कोणत्या मिनिटाला? बराच वेळ गेला. मग म्हणाली, ‘ती सासूबद्दल बोलत होती. मध्येच म्हणाली, नवरा तर नुसता बघत बसतो. आणि मी लगेच विचारलं, झोप कशी आहे?’ पुन्हा थांबली. ‘मी विषय बदलला.’ का बदलला? ‘कारण ती चिडली असती तर मला सांभाळता येईल की नाही, माहीत नव्हतं.’

पूर्ण ‘फेल’ असलेल्या केसचं झालं काय, तर तिला एक काम मिळालं: समोरच्याचा राग खोलीत येऊ द्यायला शिकणं. ते शिकता येतं. त्याचा सराव करता येतो. पुढच्याच भेटीत ‘मागच्या वेळी तुम्ही म्हणालात की ते नुसतं बघत बसतात, ते माझ्या मनात राहिलंय’ असं म्हणून तिथे परत जाता येतं.

या पायरीला संशोधनाचाही आधार आहे. नॉर्वेतल्या हेलेने निसेन-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जे थेरपिस्ट आपल्या कामाबद्दल शंका घेत होते, त्यांच्या क्लायंटची सुधारणा चांगली दिसली, विशेषतः ते थेरपिस्ट माणूस म्हणून स्वतःशी मायेने वागत असतील तेव्हा. याच्या उलट बाजू २०१२ च्या एका अमेरिकी पाहणीत दिसते. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातल्या १२९ व्यावसायिकांना विचारलं, की इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात. एकानेही स्वतःला सरासरीपेक्षा कमी मानलं नाही, आणि पाव जणांनी स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत बसवलं. या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या की मला तुमच्या शंकेची भीती कमी वाटते आणि शंकाच नसलेल्याची जास्त.

स्वतःशी मायेने वागणं मात्र आपोआप येत नाही. आरईबीटी (आपले अवास्तव, हट्टी विचार तपासून बदलायला शिकवणारी थेरपी) शिकलेल्यांना हे ओळखीचं असेल. ‘माझ्याकडे आलेला प्रत्येक माणूस सुधारायलाच पाहिजे, नाहीतर मी नालायक’ हा हट्ट आपण क्लायंटच्या तोंडून ऐकला असता, तर लगेच पकडला असता. तेच तंत्र स्वतःवर वापरा, आणि लिहून वापरा, कारण मनातल्या मनात आपण आपल्याला फार सहज चकवतो.

पायरी ३: ज्याच्यासाठी काम करतो त्यालाच विचारा

माझ्या मते या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही हीच.

आपण क्लायंटच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधतो. ती हसली म्हणजे बरं चाललंय, घड्याळाकडे पाहिलं म्हणजे कंटाळली. शंकेखोर मन तर प्रत्येक जांभईचा अर्थ लावतं. त्यापेक्षा मोजा.

डिप्रेशनसाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली आहे. नऊ प्रश्न, शून्य ते २७ गुण, भरायला काही मिनिटं. ५, १०, १५ आणि २० या टप्प्यांवर तीव्रता बदलते. चिंतेसाठी जीएडी-७ आहे, सात प्रश्नांची. पहिल्या भेटीत आणि मग ठरावीक अंतराने भरून घ्या. पीएचक्यू-९ वर पाचेक गुणांचा फरक दखल घेण्याजोगा मानतात. नवव्या प्रश्नाकडे दर वेळी पाहायचंच. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, आणि तिथे शून्याहून वेगळं काही आलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्यावर बोलायचं.

समजा पहिल्या भेटीत १७ होते, पाचव्या भेटीत ११. आता मन म्हणेल, ‘ते औषधामुळे.’ असेलही. पण ‘काहीच होत नाहीये’ हे वाक्य तरी टिकत नाही. समजा १७ चे १६ झाले. मग घाबरण्याऐवजी तो कागद दोघांच्या मध्ये ठेवा आणि म्हणा, ‘आपण पाच वेळा भेटलो, पण त्रास फारसा हललेला दिसत नाही. आपण काहीतरी वेगळं करायला हवंय का? तुम्हाला काय वाटतं?’

लक्षणांबरोबर नातंही मोजता येतं. स्कॉट मिलर, बॅरी डंकन आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या सेशन रेटिंग स्केलमध्ये चारच रेघा असतात: मला समजून घेतलं गेलं का, मला ज्यावर बोलायचं होतं त्यावर बोललो का, पद्धत पटली का, आणि एकूण आजचं कसं वाटलं. प्रत्येक रेघ दहा सेंटीमीटरची. सेशनच्या शेवटी माणूस त्यावर खूण करतो. चाळीसपैकी ३६ च्या खाली आलं तर त्याबद्दल बोलायचं.

इथे आपल्या मातीतली एक अडचण आहे. आपल्याकडे समोरच्याला ‘तुमचं चुकलं’ म्हणायची रीत नाही, त्यातून तो ‘मॅडम’ किंवा ‘सर’ असेल तर नाहीच. चारही रेघांवर दहा-दहाच्या खुणा होतात आणि वर ‘खूप छान, मॅडम’. म्हणून विचारण्याची पद्धत बदलावी लागते. ‘आज कसं वाटलं?’ याला ‘छान’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी असं विचारून पाहा: ‘आज आपण जे बोललो त्यातलं काय उपयोगाचं नव्हतं? प्रत्येक वेळी काहीतरी असतंच.’ किंवा ‘घरी जाताना रिक्षात तुमच्या मनात येईल, हे मॅडमना सांगायला हवं होतं, असं काही आहे का?’ किंवा ‘मी आज एखादी गोष्ट फार लवकर बोलले का?’ उणीव असणारच, हे तुम्ही आधीच मान्य केलं, की ती सांगणं समोरच्याला उद्धटपणाचं वाटत नाही.

पहिल्यांदा कुणी खरं बोललं की लागतं. ‘तुम्ही सारखं लिहीत असता, मग मला वाटतं तुम्ही ऐकत नाही.’ अशा वेळी खुलासा देऊ नका. ‘बरं झालं सांगितलंत’ म्हणा, पेन खाली ठेवा आणि आणखी विचारा. नात्यात पडलेली अशी फट उघडपणे बोलून बुजवली, तर त्याचा उपचाराला फायदाच होतो, हे जेरेमी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवलं आहे.

पायरी ४: सुपरव्हिजनला लपवायची दहा मिनिटं घेऊन जा

बहुतेक जण सुपरव्हिजनला नीट चाललेली केस किंवा फार अवघड केस घेऊन येतात. नीट चाललेलीमुळे शाबासकी मिळते, फार अवघडमुळे ‘कुणालाही जमलं नसतं’ हे ऐकायला मिळतं. दोन्हींनी काही दिवस बरं वाटतं.

त्याऐवजी जी दहा मिनिटं कुणाला सांगू नयेत असं वाटतं, ती आणा. क्लायंटची लेखी संमती घेऊन ऑडिओ रेकॉर्ड केलंत तर उत्तम. फाइल पासवर्डमागे ठेवायची, काम झाल्यावर पुसायची, हे संमतीपत्रातच लिहा. रेकॉर्डिंग नसेल तर आठवेल तसा संवाद शब्दशः लिहून आणा: तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, माझ्या मनात त्या वेळी काय होतं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची.

गावात सुपरव्हायझर नसेल तर ऑनलाइन शोधा. पैशांची अडचण असेल तर चार-पाच समव्यावसायिकांचा गट करा, महिन्यातून दोनदा भेटा, एका वेळी एकच केस घ्या. सल्ला देण्याआधी प्रत्येकाने एक प्रश्न विचारायचा, हा नियम पाळा. नाहीतर पाच जण पाच उपाय सांगतात आणि केस मांडणारी आली त्यापेक्षा लहान होऊन घरी जाते. आणि केसचे तपशील व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, नाव काढूनसुद्धा नाही. छोट्या गावात व्यवसाय, वय आणि मुलांची संख्या सांगितली की माणूस ओळखू येतो.

सुपरव्हायझरसमोर रडू आलं, तर त्यात काही गैर नाही. पण दर वेळी तेच होत असेल, तर त्याची जागा स्वतःच्या थेरपीत आहे. लहानपणी ९५ गुण आणल्यावर ‘पाच कुठे गेले?’ विचारणारा घरातला आवाज आणि क्लायंट गेल्यावर ऐकू येणारा आवाज पुष्कळदा एकच असतो, आणि ते काम सुपरव्हिजनच्या तासात होत नाही.

पायरी ५: सेशन चालू असताना

शंका सेशनमध्ये शिरली की ती कशात दिसते? आपण जास्त बोलू लागतो. सल्ले सुरू होतात. मेंदूचं चित्र काढून अमिग्डाला समजावायला लागतो. तासाचे सव्वा तास करतो, म्हणजे पैसे वसूल झाल्यासारखे वाटावेत. यातली आपली खूण कोणती, ती ओळखून ठेवा. ती दिसली की एवढंच करा: पाय जमिनीवर टेकवा, एक श्वास पूर्ण सोडा आणि समोरच्याचं शेवटचं वाक्य त्याच्याच शब्दांत परत म्हणा. सेशन पुन्हा त्याचं होतं.

काही प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरं ऐन वेळी सुचत नाहीत, म्हणून आधी मोठ्याने म्हणून ठेवा.

‘तुमचं लग्न झालंय का?’ हा पंचविशीतल्या समुपदेशकाला पन्नाशीच्या बाईंकडून येणारा प्रश्न. चिडू नका, बचावही करू नका. ‘नाही झालेलं, काकू. तुम्हाला वाटत असेल, हिला माझं काय कळणार. ते साहजिक आहे. म्हणून जिथे मला कळलं नाही असं वाटेल, तिथे तुम्ही मला थांबवायचं.’ माहिती द्यायची की नाही, हे तुमच्या पद्धतीवर अवलंबून आहे. प्रश्नामागची काळजी मात्र बोलून दाखवायचीच.

‘नुसतं बोलून काय होणार?’ याला थेरपीचं समर्थन करत बसू नका. ‘शंका रास्त आहे. आपण चार वेळा भेटू, दोघं मिळून एक गोष्ट ठरवू, आणि चौथ्या भेटीत ती हलली का ते पाहू.’ एडवर्ड बॉर्डिनने १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: ध्येयाबद्दल एकमत, त्यासाठी काय करायचं याबद्दल एकमत, आणि जिव्हाळा. आपण जिव्हाळ्यावर भर देतो आणि पहिली दोन सोडून देतो. ‘काय होणार?’ विचारणारा माणूस तीच दोन मागत असतो.

आणि जिथे खरंच कळलं नाही तिथे: ‘याचं उत्तर माझ्याकडे आत्ता नाही. मी यावर विचार करते, माझ्या सुपरव्हायझरशी नाव न सांगता बोलते, आणि पुढच्या वेळी आपण यावर बोलू.’ मग पुढच्या वेळी आठवणीने बोला.

पायरी ६: क्लायंट यायचा थांबला तर

जोशुआ स्विफ्ट आणि रॉजर ग्रीनबर्ग यांनी २०१२ मध्ये ६६९ अभ्यास एकत्र करून पाहिले. साधारण पाचातला एक माणूस थेरपी मध्येच सोडतो. तुमच्या दहा क्लायंटपैकी दोन गायब झाले, तर तुम्ही जगाच्या सरासरीत आहात.

एकच निरोप पाठवा: ‘मागच्या बुधवारी भेट झाली नाही. सगळं ठीक असेल अशी आशा आहे. पुन्हा भेटायचं असेल तर कळवा. थांबायचं असेल तरी हरकत नाही, एकदा बोलून थांबता येईल.’ दुसरा निरोप नको. (माणसाला आत्महत्येची जोखीम असेल तर हा नियम लागू नाही. तिथे पहिल्या भेटीतच घेतलेल्या जवळच्या माणसाच्या नंबरवर फोन करायचा.) वहीत मात्र प्रत्येक गळतीची नोंद ठेवा: कितवी भेट, काय विषय, शेवटच्या वेळी काय झालं. वर्षभराने पाहिलं आणि बरेच जण दुसऱ्या भेटीनंतर जात असतील, तर सुपरव्हिजनला न्यायला नेमका प्रश्न मिळाला. काहीच सूत्र दिसलं नाही, तर त्यांच्या जाण्याचं ओझं उतरवून ठेवा.

फी आणि प्रमाणपत्रं

फी सांगताना आवाज बारीक होतो. लेखी द्या. पहिल्या फोननंतर जाणाऱ्या निरोपातच फी, वेळ आणि रद्द करण्याचा नियम असू द्या. सवलत द्यायची तर महिन्यात किती जणांना ते आधी ठरवा, म्हणजे ती तुमच्या अपराधी भावनेतून दिली जाणार नाही.

प्रमाणपत्रांबद्दल मात्र जरा थांबून बोलायचंय. शंका आली की नवा कोर्स लावायचा, हे मी फार पाहते. आज सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी), सहा महिन्यांनी ट्रॉमा, मग आर्ट थेरपी, मग आणखी काही. भिंत भरते, पण आतला आवाज थांबत नाही, कारण त्याची तक्रार माहितीबद्दल नसतेच. वर्षांचंही तसंच. १७० थेरपिस्ट आणि साडेसहा हजारांहून अधिक रुग्णांचा पाठपुरावा करणाऱ्या २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात नुसत्या वाढत्या अनुभवाने परिणाम सुधारल्याचं दिसलं नाही, सरासरीने किंचित घटच दिसली. काहींची सुधारणा झाली, पण वर्षं मोजून ती होत नव्हती.

तेव्हा येत्या तीन महिन्यांसाठी एकच कौशल्य निवडा. दुसऱ्या पायरीतल्या नोंदींमधून जे वारंवार समोर येतंय तेच: शांतता सहन करणं, राग ऐकून घेणं, आत्महत्येबद्दल थेट विचारणं. त्याचा सराव सहकाऱ्यासोबत मोठ्याने करा. ‘तुमच्या मनात मरणाचे विचार येतात का?’ हे वाक्य आरशासमोर, मग मैत्रिणीसमोर, मग सुपरव्हायझरसमोर म्हणा, जोवर ते न अडखळता आणि मऊ आवाजात येत नाही. असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, हे लक्षात ठेवा. त्या तीन महिन्यांत दुसरा कोर्स नको.

हे इम्पोस्टर सिंड्रोम नाही, असं कधी समजायचं

सेशनच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, क्लायंटने भेट रद्द केली की सुटल्यासारखं वाटतं, लोकांच्या दुःखाचं काही वाटेनासं झालंय, घरी कुणाशी बोलावंसं वाटत नाही. हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर तो थकवा आहे किंवा तुमचं स्वतःचं डिप्रेशन. क्लायंटची संख्या कमी करा आणि डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आपण इतरांना देतो, तो आपल्यासाठीही आहे.

आणि क्लायंटने आत्महत्या केली, तर त्या रात्री एकटं राहू नका. सुपरव्हायझरला त्याच दिवशी फोन करा. नोट्समध्ये काहीही बदलू नका. त्याच्या घरच्यांशी बोलायचं झालं तर आधी सुपरव्हायझरशी आणि गरज असेल तर वकिलाशी बोलून घ्या, पण शोक व्यक्त करायला कुणाची परवानगी लागत नाही. पुढचे काही दिवस जोखमीच्या नव्या केसेस घेऊ नका. ‘मी ओळखायला हवं होतं’ हा विचार येणारच. त्याची छाननी लगेच करायची नसते. ती काही आठवड्यांनी, सोबत कुणीतरी असताना करायची असते.

ज्येष्ठांसाठी

हा लेख तुम्ही वाचत असाल आणि तुमच्या हाताखाली चार नवे लोक काम करत असतील, तर एक विनंती. केस कॉन्फरन्समध्ये आपण शेवट गोड झालेल्या केसेस मांडतो. नव्यांना वाटतं, यांचं सगळं असंच चालतं. पुढच्या महिन्यात तुमची सध्या अडकलेली, निकाल न लागलेली केस मांडा. मधल्या सेशनचा संवाद वाचून दाखवा, तुम्हाला कुठे सुचलं नाही ते सांगा आणि खोलीतल्या सगळ्यात नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारायला सांगा.